महापालिकेने सावकार होऊ नये, आधी स्वतःची देणी फेडावीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अडचणीतल्या दुकानदारांना आणि लघुउद्योजकांना महापालिकेने आपल्या तिजोरीतून स्वस्त कर्ज द्यावे, अशी मागणी ठाण्यात आणि नवी मुंबईत वरचेवर ऐकू येते. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. आज बाजारात तातडीचा पैसा मिळतो तो बहुधा ‘डेली कलेक्शन’वाल्याकडून. कागदावर 10,000 रुपये, हातात 9,000 आणि रोज 100 रुपयांप्रमाणे 100 दिवस परतफेड. घेणाऱ्याला वाटते की हजार रुपयेच तर जास्त गेले. पण मुद्दल रोज कमी होत असते. सरासरी साडेचार-पावणेपाच हजार रुपये वापरायला मिळाले आणि त्यावर 100 दिवसांत हजार रुपये व्याज गेले, हे लक्षात घेतले तर वार्षिक दर 80 टक्क्यांच्या आसपास जातो. असे कर्ज फेडणाऱ्या माणसाने महापालिकेकडे आशेने पाहिले तर त्यात चूक काय? दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रके आता पाच हजार कोटींच्या पुढे गेली आहेत. त्यातले दहा कोटी व्यापाऱ्यांसाठी निघायला हरकत नसावी.

दहा कोटी जरूर काढावेत, पण ते कर्ज म्हणून वाटू नयेत. लघुउद्योगांच्या कर्जप्रकरणांशी रोजचा संबंध असल्याने हे ठामपणे लिहितो आहे.

धंदा अडचणीत येतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. वागळे इस्टेटमधले पत्र्याचे सुटे भाग बनवणारे एक युनिट धरा. महिन्याची विक्री 4 लाख, वर्षाची 48 लाख. बँक अशा युनिटला उलाढालीच्या 20 टक्के, म्हणजे 9 लाख 60 हजारांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसे उचलायचे खेळते कर्ज देते. आणखी 5 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार मालकाने घालायचे. एकूण खेळते भांडवल 12 लाख. हे सूत्र रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीपासून चालत आले आहे आणि त्यात एक गृहीतक दडलेले आहे: कच्चा माल घेण्यापासून ग्राहकाचा पैसा येईपर्यंतचे चक्र तीन महिन्यांत पूर्ण होईल. प्रत्यक्षात मोठी कंपनी चार महिन्यांनी पैसे देते. म्हणजे 16 लाख रुपये नुसत्या येणे बिलांतच अडकतात आणि शेडमध्ये पडलेल्या मालाचा हिशोब त्याहून वेगळा.

पुढचा फटका ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे माल आणि येणी पाहून बँक जेवढी उचल देते त्या रकमेचा. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि 90 दिवसांहून जुनी येणी बँक सहसा त्यात धरत नाही. 16 लाखांपैकी 4 लाख तिथेच गळतात. उरलेल्या 12 लाखांवर 25 टक्के मार्जिन कापले की 9 लाखच उचलता येतात. ग्राहकाने आणखी एक महिना लावला की उचल वाढायला हवी, पण ती आहे तिथेच राहते. त्याच वेळी 20 तारखेला जीएसटी भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, बिल फाडले की करदायित्व आलेच. 4 लाखांच्या बिलावर 18 टक्क्यांनी 72,000 होतात. त्यातून खरेदीवरचे क्रेडिट वजा केले तरी उरलेली रक्कम रोखीने काढावी लागते. मग पगार लांबतात, कच्च्या मालाचा व्यापारी उधारी बंद करतो आणि खात्यावरचे व्याज थकायला लागते. 30 दिवस उलटले की खाते बँकेच्या निगराणी यादीत एक पायरी खाली सरकते, 60 दिवसांनी आणखी एक. 90 दिवस भरले की ते अनुत्पादित (एनपीए) ठरते. युनिटमध्ये ऑर्डरी असतात, यंत्रे चालू असतात, कारागीर कामावर असतात आणि तरीही धंदा बुडत असतो.

अशा युनिटला महापालिकेने 2 लाखांचे कर्ज दिले तर ते जाईल कुठे? एका महिन्याचा जीएसटी, थकलेले पगार आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याचे थोडे देणे, एवढ्यात ते संपेल. तिसऱ्या महिन्यात उशिरा पैसे देणारा ग्राहक तोच, ड्रॉइंग पॉवरचे गणित तेच आणि डोक्यावर आणखी एक हप्ता. 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी 2 लाख घेतले तर हा हप्ता साधारण 6,643 रुपये बसतो.

दुकानदाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. नौपाड्यात, कोपरीत किंवा वाशीत गिऱ्हाईक कमी झाले ते ऑनलाइन मागवण्यामुळे, भाडे वाढल्यामुळे की दारापुढचा रस्ता महिनोन्‌महिने खणून ठेवल्यामुळे, याचा निवाडा आधी व्हायला हवा. पैसा येणार आहे पण उशिरा येणार आहे, तिथे कर्ज उपयोगी पडते. दुकान दर महिन्याला तोट्यातच चालले असेल तर कर्जाने तोटा फक्त लांबतो आणि शेवटी दुकानाबरोबर घरही जाते. वर्षभराची बँक स्टेटमेंट्स आणि जीएसटी विवरणपत्रे शेजारी ठेवली की हा फरक बहुतेक वेळा अर्ध्या तासात कळतो. पण ती वाचणारा माणूस लागतो आणि ‘तुम्हाला कर्ज देणे तुमच्याच हिताचे नाही’ असे तोंडावर सांगण्याची मुभा त्याला असावी लागते. ज्याच्या टेबलावर नगरसेवकाची चिठ्ठी येते, त्या कारकुनाला ती मुभा मिळत नाही.

आता वसुलीकडे वळू. दोन्ही शहरांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, प्राथमिक शाळा यांभोवती हा कायदा उभा आहे. त्यात ओढूनताणून कर्जवाटप बसवले तरी बँकेच्या हातातली साधने महापालिकेला मिळत नाहीत. सरफेसी कायद्याखाली बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते, महापालिका घेऊ शकत नाही. मालमत्ता कर थकला तर जप्ती करता येते. पण कर्ज हा काही कर नव्हे, त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागेल. कर्ज बुडवणाऱ्याची नोंद बँका सिबिलसारख्या पतमापन संस्थांकडे करतात. महापालिका बँक किंवा वित्तसंस्था नसल्याने तिचे कर्ज बुडवले तरी पतगुणांवर ओरखडा उठत नाही. शिवाय युनिटचा माल, येणी आणि यंत्रे आधीच बँकेकडे नजरगहाण असतात. महापालिकेचे कर्ज विनातारण आणि रांगेत सर्वांत मागे. ज्याच्याकडे सहा देणी आहेत तो आधी कोणाचे देणे थांबवेल, हे सांगायला नको. त्यातून निवडणूक जवळ आली की माफीची घोषणा होईलच, हे गृहीत धरून हप्ता थांबवणारेही निघतील. प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्यावर तो अन्याय ठरेल.

एका शहराने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. टोकियो महानगर सरकारने लहान उद्योगांना विनातारण कर्ज देण्यासाठी स्वतःची बँकच काढली. ‘शिनगिन्को टोकियो’ या नावाने ती एप्रिल 2005 मध्ये सुरू झाली आणि त्यात शहराने 10,000 कोटी येन भांडवल घातले. ताळेबंदातले आकडे संगणकाला द्यायचे आणि त्याने काढलेल्या गुणांवर झटपट कर्ज मंजूर करायचे, अशी पद्धत होती. ताळेबंद खरा आहे का, धंद्याच्या जागी जाऊन कोणी पाहिले का, याला दुय्यम स्थान मिळाले. तीन वर्षांत भांडवलाएवढा तोटा साचला आणि 2008 मध्ये शहराला आणखी 4,000 कोटी येन ओतावे लागले. पुढे ती बँक दुसऱ्या बँकांमध्ये विलीन झाली. त्याच जपानमध्ये दुसरी पद्धत मात्र कित्येक दशके चालू आहे. कर्ज नेहमीची बँकच देते, हमी पतहमी महामंडळ घेते आणि स्थानिक सरकार हमीशुल्काचा किंवा व्याजाचा काही भाग उचलते. ऑक्टोबर 2007 पासून अशा बहुतेक कर्जांत 20 टक्के जोखीम बँकेवरच ठेवली गेली. कर्ज देणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असल्याशिवाय तो धंदा नीट तपासत नाही, एवढ्यासाठीच.

आपल्याकडे हे सगळे नव्याने उभारायचीही गरज नाही. सीजीटीएमएसई ही हमी देणारी संस्था 2000 सालापासून आहे. 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर तिचे वार्षिक हमीशुल्क 0.37 टक्क्यांपासून सुरू होते आणि किरकोळ व्यापारही तिच्या कक्षेत येतो. 5 लाखांच्या कर्जावर हे शुल्क वर्षाला 1,850 रुपये होते. हजार धंद्यांचे शुल्क महापालिकेने भरले तरी खर्च 18 लाख 50 हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही. तरीही शाखेत गेलेल्या माणसाला ‘फ्लॅटचे कागद आणा’ असे सांगितले जाते. यासाठी महापालिकेने प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस बँकेचा अधिकारी बसवला आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर लेखी कारण मागितले, तर त्याचा उपयोग कर्जवाटपाहून जास्त होईल.

त्यानंतर व्याज परतावा. 10 कोटी रुपये थेट वाटले तर 2 लाखांप्रमाणे 500 जणांना पुरतील आणि त्यातला बुडीत भाग परत येणार नाही. त्याऐवजी बँकेने 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या 2 लाखांच्या कर्जावरचे 5 टक्के व्याज महापालिकेने उचलले, तर एका धंद्यामागे तीन वर्षांत मिळून सुमारे 16,300 रुपये लागतात. म्हणजे त्याच 10 कोटींत 6,100 धंदे बसतात. वसुली बँकेची, जोखीम बँकेची आणि हमी संस्थेची.

यातही काय बिघडते ते माहीत आहे. अनुदान आगाऊ दिले की काही जण ते घेऊन हप्ते बंद करतात. अनुदान बँकेकडे सोपवले की ते महिनोन्‌महिने कर्जदाराच्या खात्यावर वळते होत नाही आणि त्याला पूर्ण व्याज भरत राहावे लागते. म्हणून आधी हप्ता, मग परतावा, तोही थेट कर्जदाराच्या खात्यात. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना याच तत्त्वावर चालते. हप्ता वेळेत भरल्याचे स्टेटमेंट आले की परतावा, चुकला तर त्या महिन्याचा परतावा नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेले नवे कर्ज परताव्याला पात्र धरू नये, नाहीतर बँका आपली आजारी खाती याच योजनेत ढकलतील. अपवाद ठेवायचाच तर खासगी सावकाराचे देणे मिटवण्यापुरता ठेवावा आणि पैसे परस्पर त्या सावकाराच्या खात्यात जावेत.

पण या सगळ्याआधी करायची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिला एक रुपयाचेही नवे कर्ज लागत नाही. महापालिकेने आपल्या पुरवठादारांची देयके वेळेत द्यावीत.

स्टेशनरी, औषधे, दिव्यांचे साहित्य, छपाई, संगणक दुरुस्ती, झाडांची निगा, शाळांचे गणवेश अशी कितीतरी कामे स्थानिक लहान धंदे करतात. देयकाचा प्रवास पाहा. माल मिळाल्याची नोंद, कनिष्ठ अभियंत्याची किंवा लिपिकाची सही, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, लेखापरीक्षण, लेखा विभाग. एका टेबलावर शंका निघाली की फाइल पुन्हा खाली. सगळे पार पडले की ‘निधी उपलब्धतेनुसार’ हा शेरा. त्या शेऱ्याचा अर्थ असा, की महापालिकेने त्या लहान पुरवठादाराकडून बिनव्याजी कर्ज घेतले आहे. दुसरीकडे मालमत्ता कर थकला तर हीच महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती लावते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. ज्या दुकानदाराचे 3 लाख महापालिकेकडे अडकले आहेत त्याच्याकडूनच 40 हजारांच्या करावर शास्ती घ्यायची आणि वर त्याला कर्ज देण्याची भाषा करायची, हे न्यायाचे नाही.

कायदा स्पष्ट आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम 2006 च्या कलम 15 नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करारात जास्त मुदत लिहिली तरी ती चालत नाही. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद मागायला सुविधा परिषद आहे आणि तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. तरी तक्रारी कमी का येतात? पुढच्या निविदेत आपले नाव गळेल या भीतीने. आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांना सहसा माहीत नसते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. 45 दिवसांचे संरक्षण वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. बांधकामाच्या ठेक्यांबाबतही न्यायालयांत वाद झाले आहेत. त्यामुळे कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. महापालिकेने स्वतःच ठराव करावा की 10 लाखांपर्यंतचे प्रत्येक देयक, मग ते व्यापाऱ्याचे असो वा कारखानदाराचे, 45 दिवसांत दिले जाईल.

त्यासाठी दोन गोष्टी लागतील. पहिली, थकीत देयकांची तारीखवार ज्येष्ठता यादी संकेतस्थळावर, दर आठवड्याला अद्ययावत. कोणाचे देयक कोणत्या टेबलावर किती दिवस आहे हे सर्वांना दिसले की मधले नंबर उडी मारून पुढे जायचे थांबतील. दुसरी, ट्रेड्‌स या देयकांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर खरेदीदार म्हणून नोंदणी. सरकारी विभागांनाही ती करता येते. महापालिकेने देयक स्वीकारले की पुरवठादार ते मंचावर ठेवतो, बँका बोली लावतात आणि पैसे त्याला दोन-तीन दिवसांत मिळतात. ठरल्या तारखेला बँक महापालिकेकडून वसूल करते, पुरवठादारावर जबाबदारी राहत नाही. ती तारीख टाळता येत नाही, म्हणूनच अशा नोंदणीला कार्यालये नाखूश असतात.

फेरीवाल्यांचे उदाहरण यात वेगळे घेतले पाहिजे, कारण तिथे महापालिका आणि बँक यांची विभागणी आधीच झालेली आहे. जून 2020 मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत शिफारसपत्र महापालिकेचे आणि कर्ज बँकेचे. सुरुवातीला हप्त्याहप्त्याने 10, 20 आणि 50 हजार. 2025 मधल्या फेररचनेनंतर पहिले दोन टप्पे 15 आणि 25 हजार. वेळेत फेडणाऱ्याला 7 टक्के व्याज अनुदान. रचना चांगली आहे. घोटाळा होतो तो आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलल्याने, बँकेने अनुदान जुन्या थकबाकीत वळते केल्याने, आणि सर्वांत वाईट म्हणजे एका विभागाने शिफारस केलेल्या फेरीवाल्याची हातगाडी दुसऱ्या विभागाने उचलून नेल्याने. गाडी गोदामात, माल सडलेला, हप्ता चालू. 2014 च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत हटवू नये असे कलम आहे. कर्जाची शिफारस केलेल्या फेरीवाल्यांची यादी अतिक्रमण विभागाच्या हाती देणे एवढेही जमत नसेल, तर महापालिका स्वतःची कर्जयोजना कशी चालवणार?

रस्ता काँक्रीटीकरण, मलवाहिनी किंवा मेट्रोच्या कामामुळे ज्यांचे गिऱ्हाईक तुटले त्यांना कर्ज देणे तर मुळातच चूक. नुकसान सार्वजनिक कामाने केले आणि भरपाईसाठी हप्ता दुकानदाराने फेडायचा? घोडबंदर रस्त्यासारख्या ठिकाणी काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख नोंदवून त्या काळापुरती परवाना शुल्कात सूट, मालमत्ता कराला बिनशास्ती हप्ते, आणि दुकानापर्यंत पायी जाता येईल अशी किमान वाट ठेवण्याची ठेकेदारावर सक्ती, हे त्यावरचे उपाय आहेत. सरसकट अभय योजना मात्र नको. वर्षानुवर्षे कर न भरणाऱ्याला तिचा फायदा होतो आणि दर वर्षी वेळेत भरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ज्यांचे खाते आत्ताच डगमगते आहे त्यांच्यासाठी एक सूचना. अडचणीतल्या लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट केंद्र सरकारने मे 2015 मध्ये अधिसूचित केली आणि रिझर्व्ह बँकेने मार्च 2016 मध्ये व्यापारी बँकांना लागू केली. 25 कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे. खाते अनुत्पादित होण्याआधीच कर्जदार स्वतः लेखी अर्ज करून बँकेच्या समितीपुढे जाऊ शकतो आणि समिती हप्त्यांची फेरआखणी करू शकते. अर्जासोबत येणे-देण्याची तारीखवार यादी, हातातल्या ऑर्डरी, बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे आणि पुढच्या सहा महिन्यांचा रोख आवक-जावकीचा अंदाज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये, कारण न मागणाऱ्याला ही सवलत बहुधा कोणी आपणहून देत नाही. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात दिघ्यापासून नेरुळपर्यंत उद्योजकांच्या संघटना आहेत. महापालिकेने त्यांच्या कार्यालयांत असे अर्ज तयार करून देणारा एकेक जाणकार लेखापाल मानधनावर नेमला, तरी अनेक शेड चालू राहतील.

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतील तेव्हा त्यात ‘लघुउद्योग व्याज परतावा व हमीशुल्क’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि 10 लाखांखालच्या सर्व थकीत देयकांसाठी पूर्ण तरतूद असावी. थकीत देयकांची यादी 1 एप्रिलपूर्वी संकेतस्थळावर यावी. समितीच्या सदस्यांनी कर्जवाटपाचा ठराव मांडण्याआधी ही यादी मागावी.

आपला,
एक कर्ज सल्लागार
नौपाडा, ठाणे